पोकेमॉन : पकडण्याचे गणित, झुंजीचे शास्त्र आणि वाशिमचा नकाशा

खिशात मावतील असे अद्भुत प्राणी पकडावेत, त्यांना वाढवावे आणि इतरांच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावावी, एवढीच ज्याची मूळ कल्पना आहे तो 'पोकेमॉन' हा जपानी खेळ १९९६ मध्ये जन्माला आला. 'पॉकेट मॉन्स्टर्स' म्हणजे खिशातले राक्षस. या शब्दांचे हे संक्षिप्त रूप जगभर रूढ झाले. २००३ मध्ये दूरचित्रवाणीवरील हिंदी मालिकेमुळे भारतीय मुलांना पिकाचू हा पिवळा प्राणी घरचा वाटू लागला आणि डिसेंबर २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' हा मोबाइलवरील खेळ भारतात अधिकृतपणे दाखल झाला. मोबाइलच्या पडद्यावर खऱ्या रस्त्यांचा नकाशा आणि त्या रस्त्यांवर काल्पनिक प्राणी, असे या खेळाचे स्वरूप आहे. त्यामुळे तो कोठे खेळला जातो, या प्रश्नाला प्रथमच महत्त्व आले.

मुंबई-पुण्याच्या गजबजलेल्या चौकात आणि वाशिमसारख्या बहुसंख्य ग्रामीण वस्तीच्या जिल्ह्यात हा खेळ सारखा राहत नाही. या खेळाचे दोन भाग आहेत : पकडणे आणि झुंजणे. पहिल्या भागात खेळाडूची जागा बरेच काही ठरवते, तर दुसऱ्या भागात त्याचे ज्ञान. हा फरक ध्यानात आला, की खेळाची रचना उलगडते आणि लहान गावातील खेळाडूला नेमके काय अडते व काय अडत नाही, हेही स्पष्ट होते.

कीटकांच्या छंदातून जन्म

या खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ चा. त्यांचे बालपण टोकियोच्या परिसरातील माचिदा येथे गेले. त्या काळी तेथे शेते, तळी आणि झाडी शिल्लक होती. लहानग्या ताजिरींना कीटक गोळा करण्याचा विलक्षण नाद होता. कोणता भुंगा कोणत्या झाडावर सापडतो, तो दिवसा लपतो की रात्री बाहेर पडतो, याचे निरीक्षण करणे हाच त्यांचा खेळ होता. पुढे शहर वाढत गेले, तळी बुजली, शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि कीटकही दिसेनासे झाले. नव्या पिढीतील शहरी मुलांना पकडण्याचा आणि जमवण्याचा तो आनंद मिळावा, या विचाराने ताजिरी यांनी या खेळाची आखणी केली.

'गेम फ्रीक' हे आधी त्यांनी काढलेल्या नियतकालिकाचे नाव होते. १९८९ मध्ये त्याच नावाने कंपनी उभी राहिली. नियतकालिकाच्या काळापासूनचे त्यांचे सहकारी केन सुगिमोरी यांनी प्राण्यांची चित्रे काढली. निन्टेंडो कंपनीच्या 'गेम बॉय' या हातात धरून खेळायच्या यंत्रांना एका तारेने जोडता येत असे. त्या तारेतून कीटक एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात सरपटत जात आहेत, असे दृश्य ताजिरी यांच्या मनात आले आणि प्राण्यांची देवाणघेवाण हा खेळाचा गाभा ठरला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' या दोन आवृत्त्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. काही प्राणी केवळ एकीत, तर काही केवळ दुसरीत ठेवण्यात आले होते. त्यामुळे संग्रह पूर्ण करायचा तर मित्र गाठणे भागच होते. मूळच्या प्राण्यांची संख्या १५१ होती. २०२२ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या खेळांपर्यंत आणि त्यांच्या पुरवण्यांपर्यंत ती १,०२५ वर पोहोचली.

विदर्भातील गावांत वाढलेल्यांना ताजिरी यांचा छंद परका वाटण्याचे कारण नाही. पावसाळ्यात सोनपाखरू काड्यापेटीत ठेवणे, चतुराच्या शेपटीला दोरा बांधून तो उडवणे, रात्री काजवे काचेच्या बाटलीत भरणे हे उद्योग महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी केले आहेत. जपानी मुलांनी जे गमावले त्याची भरपाई म्हणून हा खेळ आला. वाशिमच्या शिवारात त्यातील बरेच काही अद्याप डोळ्यांसमोर आहे.

पकडण्याचे गणित

मूळ खेळात गवतातून, पाण्यातून किंवा गुहेतून जाताना एखादा रानटी पोकेमॉन अचानक समोर येतो. त्याच्या दिशेने 'पोके बॉल' हा गोळा फेकायचा असतो. गोळा काही वेळा हलतो आणि प्राणी आत राहतो किंवा निसटून बाहेर येतो. पाहणाऱ्याला हा नशिबाचा भाग वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे ठरलेले सूत्र असते आणि त्यात चार घटक येतात : प्राण्याची जात, त्याची उरलेली प्राणशक्ती, त्याची अवस्था आणि गोळ्याचा दर्जा.

प्रत्येक जातीला ३ ते २५५ या दरम्यान एक अंक दिलेला असतो. अंक जितका मोठा तितकी ती जात पकडायला सोपी. पिजी हा साधा पक्षी किंवा मॅगिकार्प हा दुबळा मासा यांचा अंक २५५ आहे. खेळाच्या आरंभी सोबती म्हणून मिळणाऱ्या बल्बासॉरचा अंक ४५, तर मेवटू या दुर्मीळ आणि बलाढ्य प्राण्याचा अवघा ३. प्राणशक्ती पूर्ण असेल तर सूत्रात या अंकाचा केवळ एक तृतीयांश धरला जातो. ती संपत आली की जवळजवळ पूर्ण अंक धरला जातो. म्हणजे प्राण्याला दमवल्याने तो सापडण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते. मात्र त्याला पूर्ण बेशुद्ध केले तर तो हातचा जातो. म्हणून घाव किती जोराचा घालायचा, हा निर्णय नाजूक असतो.

२००२ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीतील सूत्र हिशेबाला सोपे आहे. ४५ अंकाचा ताजातवाना प्राणी साध्या गोळ्याने पकडू पाहिल्यास यश शंभरात सुमारे ६ वेळा मिळते. त्याची प्राणशक्ती जेमतेम उरवली तर हे प्रमाण सुमारे १८ वर जाते. त्याला झोपवले तर ते दुप्पट, म्हणजे सुमारे ३५ होते. त्यावर दुप्पट गुणांचा 'अल्ट्रा बॉल' वापरला तर ते ७० च्या पुढे जाते. विषबाधा, भाजणे किंवा लुळेपणा यांचाही लाभ होतो, परंतु तो झोपेपेक्षा कमी असतो. मेवटूच्या बाबतीत एवढी सारी काळजी घेतल्यावरही शंभरात जेमतेम ५ वेळा यश येते. अशा वेळी खेळाडू आपल्याजवळचा एकमेव 'मास्टर बॉल' बाहेर काढतो, कारण तो कधीच फुकट जात नाही. तो कोणावर खर्च करावा, यावर खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षे चर्चा रंगत आली आहे.

पुढच्या पिढ्यांत आकडेमोड बदलली, पण तत्त्व कायम राहिले. प्राण्याची जात ओळखावी, त्याला बेताने दमवावे, झोपवावे आणि मगच योग्य गोळा फेकावा. घाईने फेकलेल्या दहा साध्या गोळ्यांपेक्षा तयारीनिशी फेकलेला एक गोळा बहुधा जास्त उपयोगी पडतो.

झुंजीचे शास्त्र

झुंजीत प्रत्येक खेळाडूजवळ जास्तीत जास्त सहा पोकेमॉन असतात आणि प्रत्येक पोकेमॉनला एका वेळी चारच डाव येतात. डाव आळीपाळीने खेळले जातात आणि सर्वसाधारणपणे ज्याचा वेग अधिक तो आधी खेळतो. हरलेला प्राणी मरत नाही, बेशुद्ध पडतो आणि उपचार केंद्रात नेल्यावर पुन्हा उभा राहतो. लहान मुलांच्या खेळात मृत्यू नको, हा विचार त्यामागे आहे.

झुंजीचा खरा आधार म्हणजे प्राण्यांचे 'प्रकार'. पहिल्या पिढीत असे १५ प्रकार होते. दुसऱ्या पिढीत अंधार आणि पोलाद, तर २०१३ मध्ये परी या प्रकाराची भर पडून त्यांची संख्या १८ झाली. अग्नी गवताला भारी, गवत पाण्याला भारी आणि पाणी अग्नीला भारी, हे त्यातील पहिले त्रिकूट. दगड-कागद-कात्री या खेळासारखेच हे चक्र आहे, पण येथे त्याची गुंतागुंत पुष्कळ मोठी आहे. भारी प्रकाराचा डाव दुप्पट लागतो, हलक्या प्रकाराचा निम्मा लागतो आणि काही डाव मुळीच लागत नाहीत. विजेचा झटका भूमी-प्रकाराच्या प्राण्याला काहीच करत नाही. भूत-प्रकाराच्या प्राण्याला साध्या प्रकाराचा तडाखा जाणवत नाही.

एकाच प्राण्याचे दोन प्रकार असतील तर दोन्हींचा गुणाकार होतो. ग्याराडोस हा दिसायला भयंकर जलसर्प पाणी आणि आकाश या दोन्ही प्रकारांचा आहे. वीज या दोघांनाही भारी पडत असल्याने विजेचा डाव त्याला चौपट लागतो. चारिझार्ड हा ज्वाला ओकणारा प्राणी अग्नी व आकाश या प्रकारांचा असल्याने खडकाचा घाव त्याला चौपट बसतो. ताकदीच्या आकड्यांवर भुललेला खेळाडू अशा ठिकाणी फसतो. शिवाय प्राण्याने आपल्याच प्रकाराचा डाव टाकला तर तो दीडपट लागतो. म्हणून केवळ भारी प्राणी जमवून भागत नाही. एकाची उणीव दुसऱ्याने झाकावी अशा रीतीने संघ बांधावा लागतो. समोरच्याचा डाव ओळखून ऐनवेळी प्राणी बदलणे, हे तर कसलेल्या खेळाडूचे लक्षण मानले जाते.

दुबळ्याला कमी लेखू नये, हा धडाही खेळात अंगभूत आहे. ग्याराडोसचे मूळ रूप म्हणजे तोच मॅगिकार्प, ज्याला प्रारंभी पाण्यात उड्या मारण्यापलीकडे काही येत नाही. त्याला धीराने विसाव्या पातळीपर्यंत वाढवले की त्याचे रूपांतर घडते.

खेळ रस्त्यावर आला

जुलै २०१६ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे 'पोकेमॉन गो' सुरू झाला आणि काही दिवसांतच बागा व पदपथ मोबाइल हाती घेतलेल्या लोकांनी भरून गेले. भारतात अधिकृत आगमन होण्यापूर्वीच अनेकांनी आडमार्गाने तो मिळवला होता. डिसेंबर २०१६ मध्ये निआन्टिक या अमेरिकन कंपनीने रिलायन्स जिओच्या सहकार्याने तो येथे आणला. २०२३ मध्ये त्याची हिंदी आवृत्ती आली आणि शेकडो पोकेमॉनना हिंदी वळणाची नावे मिळाली. २०२५ मध्ये निआन्टिकने आपला खेळांचा व्यवसाय स्कोपली या कंपनीला विकला.

या खेळात रानटी प्राण्याला आधी दमवावे लागत नाही. पडद्यावर प्राण्याभोवती एक वर्तुळ लहान-मोठे होत असते. ते लहान असताना गोळा नेमका आत पडला, त्यातही तो फिरकी देऊन फेकलेला असला, तर पकडण्याची शक्यता वाढते. प्राण्याला आधी फळ खाऊ घातल्यानेही तो सहज सापडतो. अंडी उबवण्यासाठी मात्र पायी चालावे लागते. त्यांच्या जातीनुसार २, ५, ७, १० किंवा १२ किलोमीटर अंतर ठरलेले असते आणि वाहनाच्या वेगाने कापलेले अंतर त्यात धरले जात नाही.

गोळे, फळे आणि अंडी मिळतात ती 'पोकेस्टॉप' नावाच्या ठिकाणी. झुंजीचे आखाडे, म्हणजे 'जिम', हेही नकाशावरच्या खऱ्या स्थळांशी जोडलेले असतात. लाल, निळा आणि पिवळा अशा तीन गटांत विभागलेले खेळाडू आखाडे काबीज करतात आणि राखतात. २०१७ पासून आखाड्यांवर 'रेड' सुरू झाल्या. एखादा बलाढ्य प्राणी ठरावीक वेळ तेथे अवतरतो आणि अनेकांनी एकत्र येऊन त्याला नमवायचे असते.

नकाशावर वाशिम कोठे?

पोकेस्टॉप आणि आखाडे कोठून आले, हे पाहिले की ग्रामीण भागातील अडचण उमगते. निआन्टिकने २०१२ मध्ये 'इनग्रेस' नावाचा आणखी एक नकाशावरचा खेळ काढला होता. त्या खेळाडूंनी आपापल्या परिसरातील पुतळे, देवळे, कारंजी, भित्तिचित्रे सुचवली आणि त्यांतूनच पुढे पोकेस्टॉप निवडले गेले. साहजिकच जेथे असे खेळाडू पुष्कळ होते तेथे स्थळे दाट झाली आणि जेथे ते नव्हते तेथील नकाशा विरळ राहिला. अमेरिकेतही खेड्यांतील खेळाडूंची हीच तक्रार होती. शहरी मुलांना हरवलेल्या शिवाराचा आनंद देण्यासाठी जन्मलेला खेळ प्रत्यक्ष शिवारात पोहोचताना मात्र तोकडा पडला.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशभरातील मागास जिल्ह्यांची 'आकांक्षित जिल्हे' म्हणून निवड केली, त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांमध्ये वाशिमचा समावेश झाला.

मात्र सांगण्याजोग्या स्थळांची या जिल्ह्यात वाण नाही. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म. शहरात बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थ आहे. कारंजा लाड हे श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आहे आणि मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. खेळाच्या नियमांनुसार ऐतिहासिक वा सांस्कृतिक महत्त्वाची, लोकांनी एकत्र जमण्याची किंवा व्यायामाची ठिकाणे पोकेस्टॉपसाठी सुचवता येतात. खासगी घरे, शाळा आणि जेथे पायी सुरक्षितपणे पोहोचता येत नाही अशा जागा वर्ज्य आहेत. ठरावीक पातळी गाठलेला खेळाडू छायाचित्र आणि वर्णन पाठवतो आणि मुख्यतः इतर खेळाडूच त्यावर कौल देतात. गावाचे नाव नकाशावर यायचे तर गावातल्याच कोणीतरी ते तेथे पोहोचवावे लागते. म्हणून चांगले छायाचित्र आणि अचूक माहिती पाठवणारा एक खेळाडूही तालुक्याच्या नकाशात फरक पाडू शकतो.

देवस्थानांच्या बाबतीत तारतम्य हवे. २०१६ मध्ये प्रार्थनास्थळी खेळातील अंडी दिसल्याने भाविकांच्या भावना दुखावतात, अशी याचिका गुजरात उच्च न्यायालयात दाखल झाली होती आणि न्यायालयाने त्यावर नोटिसाही काढल्या होत्या. गाभाऱ्यात किंवा आरतीच्या वेळी मोबाइल पुढे करून फिरणे शोभत नाही. पोकेस्टॉप बहुधा काही पावलांवरूनही उघडता येतो.

नकाशा विरळ असला की काही जणांना मोबाइलला खोटे ठिकाण सांगून घरबसल्या टोकियो किंवा न्यूयॉर्कमध्ये फिरण्याचा मोह होतो. हा नियमभंग आहे. पहिल्या खेपेस ताकीद, दुसऱ्या खेपेस काही काळ बंदी आणि तिसऱ्या खेपेस खाते कायमचे बंद, अशी त्याची शिक्षा आहे. त्यापेक्षा सरळ मार्ग उपलब्ध आहेत. २०२० पासून दूरच्या रेडमध्ये घरून भाग घेण्याचे पास मिळतात. २०२२ पासून दररोज पंधरा मिनिटे चालणारी एक मोफत धूपकांडी मिळते. ती लावून चालणाऱ्याला शेताच्या बांधावरही प्राणी भेटतात.

झुंजीत अंतर उरत नाही

झुंजीच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. डिसेंबर २०१८ मध्ये खेळाडूंच्या आपसातील लढती सुरू झाल्या आणि २०२० मध्ये 'गो बॅटल लीग' आली. तेथे आखाड्यापर्यंत जावे लागत नाही. इंटरनेट नीट चालत असेल तर मंगरुळपीरचा खेळाडू मुंबईच्या किंवा माद्रिदच्या खेळाडूशी बरोबरीने लढू शकतो.

या लढतीत प्रत्येकाचे तीन प्राणी आणि दोन ढाली असतात. हलक्या डावांनी ऊर्जा साठते आणि ती पुरेशी झाली की मोठा डाव टाकता येतो. समोरून मोठा डाव आला तर ढाल खर्च करावी की घाव सोसावा, हे क्षणात ठरवावे लागते. येथे भारी प्रकाराचा डाव दुप्पट नव्हे, तर १.६ पट लागतो. त्यामुळे बाजी उलटवण्यास थोडा वाव राहतो. समोरच्याचे हलके डाव मोजत राहून त्याचा मोठा डाव केव्हा येईल याचा अंदाज बांधणे, ही वरच्या दर्जाच्या खेळाची खूण आहे.

लढतींचे गट प्राण्याच्या लढाऊ बळाच्या आकड्यानुसार पाडलेले आहेत. त्याला 'सीपी' म्हणतात. ग्रेट लीगमध्ये १,५०० ची, अल्ट्रा लीगमध्ये २,५०० ची मर्यादा आहे, तर मास्टर लीगला मर्यादा नाही. ग्रेट लीगची गंमत अशी, की तेथे जन्मतः सर्वगुणसंपन्न असलेला प्राणी बहुधा उत्तम ठरत नाही. सीपीचा आकडा काढताना हल्ल्याच्या गुणाला जास्त वजन असते. म्हणून ज्याचा हल्ला जन्मतः कमी आणि बचाव व प्राणशक्ती अधिक, असा प्राणी त्याच १,५०० च्या आत जास्त वाढवता येतो आणि अधिक काळ तग धरतो. शहरातील खेळाडू ज्याला निरुपयोगी समजून सोडून देतो, तोच गावातल्या अभ्यासू खेळाडूच्या हाती हुकमी ठरू शकतो. पोकेस्टॉप कमी असले तरी हे ज्ञान कमी पडण्याचे कारण नाही.

जागतिक स्पर्धांचे स्वरूपही असेच आहे. २०२२ मध्ये लंडन येथे झालेल्या पोकेमॉन विश्वस्पर्धेत पोकेमॉन गोचा प्रथमच समावेश झाला. स्पर्धेत ग्रेट लीगच्या मर्यादेतील सहा प्राणी आधी जाहीर करायचे आणि प्रत्येक डावासाठी त्यांतील तीन निवडायचे असतात. समोरचा कोणते तीन आणील, हे ओळखण्यातच निम्मी लढाई असते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील अनाहाइम येथे पोकेमॉन गोचे विश्वविजेतेपद भारताच्या वेद बंब याने मिळवले. स्पर्धेत तो 'बीलझेबॉय' या नावाने ओळखला जातो. ज्या देशात हा खेळ अधिकृतपणे उशिरा आला, त्या देशातील खेळाडूचे हे यश झुंजीत अभ्यासाचे वजन किती असते, ते दाखवते.

माळरानावरचे खरे प्राणी

खेळातले पकडणे आणि प्रत्यक्षातले पकडणे यांतील सीमारेषा वाशिममध्ये विशेष ठळक आहे. कारंजा-सोहोळ हे काळवीट अभयारण्य याच जिल्ह्यात आहे. काळवीट आणि तणमोर हे दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात. २०२१ मध्ये तणमोराची गणना जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली. वन्यप्राणी पकडणे हा गुन्हा आहे आणि प्राण्यांना एकमेकांवर सोडून झुंजवणे हेही प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हाच आहे. पडद्यावरचा प्राणी शोधत अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही.

अकोला-वाशिमच्या माळरानांवर पिढ्यान्‌पिढ्या पाखरे पकडणाऱ्या फासेपारधी समाजातील जाणकारांनी अलीकडच्या काळात तणमोराच्या नोंदी आणि गवताळ माळांचे संवर्धन यांत हातभार लावला आहे. पक्षी कोठे बसतो, कधी बोलतो, कोणत्या गवतात लपतो, हे ज्ञान पकडण्यासाठी कमावले गेले आणि आता ते राखण्यासाठी वापरले जात आहे. ताजिरी यांच्या छंदाचा गाभाही हाच होता : प्राणी कोठे आणि कसा राहतो, हे त्याला हात लावण्याआधी जाणून घेणे.

पालकांनी काय पाहावे?

पोकेमॉन गो विनामूल्य खेळता येतो. मात्र पास, गोळे आणि अन्य वस्तू खेळातील नाण्यांनी घेता येतात आणि ती नाणी खऱ्या पैशांनी विकत मिळतात. आखाडा राखल्याबद्दल दररोज जास्तीत जास्त ५० नाणी फुकट मिळतात. संयमी खेळाडूला तेवढी बहुधा पुरतात. मोबाइलवरील खरेदीला सांकेतिक क्रमांक घालणे हा सोपा उपाय आहे. २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. पोकेमॉन गोमध्ये पैसे लावून पैसे जिंकण्याची सोय नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

खरा धोका आहे तो रस्त्यावर. वाहन चालवताना हा खेळ खेळू नये आणि रस्ता ओलांडताना मोबाइल खिशात असावा. ग्रामीण भागात उघड्या विहिरी, शेततळी आणि पावसाळ्यात साप यांचेही भान हवे. मोबाइल खिशात ठेवूनही चाललेले अंतर मोजण्याची सोय २०१८ पासून आहे. त्यामुळे अंडी उबवण्यासाठी पडद्याकडे पाहत चालण्याची आवश्यकता उरलेली नाही.

मूल या खेळात रमले असेल तर त्याने किती प्राणी पकडले, यापेक्षा त्याने एखादा विशिष्ट प्राणीच का निवडला, हे विचारावे. उत्तरात प्रकारांची नावे, गुणाकार आणि समोरच्याच्या डावाचा अंदाज आला, तर त्याला खेळ समजू लागला आहे, असे खुशाल मानावे. त्यानंतर त्याला पद्मतीर्थाच्या काठी किंवा शेताच्या बांधावर नेऊन एखादा चतुर दाखवता येईल. तो कोणत्या पाण्यावर येतो आणि कोणत्या वेळी, हे तेथे बसून पाहता येते, आणि त्यासाठी त्याला पकडण्याचीही गरज नसते.